रूथचा साधासुधा शनिवार-रविवार

सारसोळे, नेरूळ
सोमवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

ती. सौ. सरस्वतीताईच्या पायांवर धाकट्या चारूचं डोकं. (फक्त डोकं. गुडघे हल्ली तेवढे वाकत नाहीत, पण मनाने मी पुरती वाकले आहे असं समज.)

डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं अमिताकडून कळलं. काळा चष्मा लावून तू ओट्यावर बसतेस, तू नक्की कुणाकडे बघतेस ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजत नाही, म्हणून सगळेच नमस्कार करून पुढे जातात, हेही कळलं. थेंब वेळेवर घाल. भाऊजींचा खोकला गेला का? करंजाला बोटी लागतायत की अजून वाराच आहे? इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांची शुगर कमी आहे, म्हणजे ते सांगतात तेवढी. आमचा केतन बोटीवरच आहे, आणि त्याची निशिगंधा बँकेतून आली की माझ्या मोबाइलमधलं सगळं बिघडलेलं सरळ करून देते.

एवढं विचारायला फोन पुरला असता. पण तुझा फोन वाजला की तुझी सून अमिता तो स्पीकरवर टाकते, आणि मग माझी चौकशी अर्ध्या बंदराला ऐकू जाते. आता तुला स्वतःला वाचता येतंय, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते. अमिता बाजारात गेली की वाच. चहा घेऊन बस, कारण मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तू शाळेपासून जाणतेस.

विषय आमच्या रूथचा. जानेवारीपासून आमच्या वरच्या खोलीत अमेरिकेची मुलगी राहते, हे तुला माहीत आहे. तिचं गाव आयोवा म्हणून कुठे आहे, तिथे नुसता मका आणि थंडी. बाप शाळेची बस चालवतो. पोर वीस वर्षांची, आणि एवढ्या लांबून आली कशाला, तर आपल्या खाडीतला चिखल शिकायला. (ह्यांनी पहिल्या दिवशी तिला सांगितलं की तो चिखल आम्ही लहानपणी फुकट शिकलो. तिने ते खरंच लिहून घेतलं.) आमच्या आळीला रूथ म्हणता येत नाही, त्यामुळे ती केव्हाच ऋतू झाली आहे. मला आई म्हणते, ह्यांना हरेशबाबा. जूनपर्यंत राहणार असं ठरलेलं, आणि मी तिला अगदी पाटावर बसवून ठेवलं होतं. ताट उचलू दिलं नाही, पाणी भरू दिलं नाही. पाहुण्याचं जसं करावं तसं सगळं केलं.

गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि दोन गोष्टी म्हणाली. पहिली अशी, की तिच्या तिकडच्या कॉलेजात पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना दाखवायला तिला एक व्हिडिओ करायचा आहे. आपला शनिवार-रविवार इथे कसा जातो, तो. अगदी साधा, रोजचा. दुसरी अशी, की जुईनगरला तिच्या तीन मैत्रिणी फ्लॅट घेऊन राहतात, त्यांच्याकडे एक खोली रिकामी झाली आहे, आणि तिने यावं का असं त्या विचारतायत. ती अजून विचार करते आहे.

दुसरी गोष्ट ऐकली आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. (करपली. ह्यांना वाढली.) ताई, मी पोरीला काय कमी केलं होतं? मला वाटलं, आपलं घर तिला साधं पडलं. जुईनगरच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, आणि इथे आळीत शिरताना आधी जाळी, मग कोंबड्या, मग आमचं दार. म्हणून मी ठरवलं की ह्या व्हिडिओत असा शनिवार-रविवार दाखवायचा की आयोवातल्या लोकांनी तोंडात बोटं घालावीत आणि पोरीने खोलीचं नावही काढू नये. साधा म्हणाली होती, ते मी ऐकलं होतं. पण पाहुणा चहा नको म्हणतो तेव्हा आपण चहा टाकतोच की नाही?

शनिवारी पहाटेच तिला उठवलं. (शनिवारी ती उशिरापर्यंत झोपते, हे आयोवाला कळवायची काय गरज?) निशिगंधाने कुरकुरत तिला माझं हिरवं लुगडं आपल्या पद्धतीने नेसवलं आणि केसांत अबोली माळली. दिसली छान, फक्त तिला जिना उतरता येईना, म्हणून दोघींनी धरून खाली आणलं. हॉलमधल्या सोफ्याचं प्लास्टिक मी लग्नानंतर पहिल्यांदा काढलं. केतनच्या लग्नानंतर, माझ्या नव्हे. एसी लावला. ह्यांना कोट घालून, इंग्रजी पेपर हातात देऊन कोपऱ्यात बसवलं आणि फक्त पानं उलटायला सांगितलं. पण कॅमेरा दिसल्यावर ह्यांच्यातला पोर्टाचा हेडक्लार्क जागा झाला. कंटेनरची नोंद कशी होते, कोणत्या साली कोणती क्रेन आली, तिचा दांडा कसा वाकला, हे सगळं त्यांनी इंग्रजीतून सांगितलं, आणि मोबाइलची बॅटरी संपली तेव्हाच थांबले.

जेवणात मी पापलेट, सुरमई, कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वडे, आणि अमेरिकेचा मान म्हणून तो पांढऱ्या सॉसमधला पास्ता केला होता. रूथने थोडा भात आणि कालवण घेतलं. पास्ता कुणीच घेतला नाही, तो संध्याकाळी कोंबड्यांना घातला, तर त्याही बाजूला झाल्या. दुपारी पोर आपले कपडे बादलीत घेऊन गच्चीवर निघाली होती, म्हणाली शनिवारी मी कपडे धुते, ते दाखवायचं आहे. मी बादली काढून घेतली आणि तिला रिक्षात घालून मॉलला नेलं. तिथे ती प्रत्येक दुकानापुढे थांबून मला सांगत होती की हे आमच्या गावातही आहे, हेही आहे. मीही प्रत्येक वेळी अभिमानाने मान हलवत होते. शेवटी तिने मोज्यांची एक जोडी घेतली. परत येताना रिक्षात ती बोलली नाही. मला वाटलं, भारावली.

आता बोंबलांचं सांगते. (इथे चहाचा घोट घे.) होळीच्या आधी तुम्ही पाठवलेले सुके बोंबील आणि जवळा गच्चीवरच्या खोलीत टांगलेले होते. आपल्याला त्याचा वास म्हणजे घराचा वास. पण व्हिडिओ करायचा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. वास व्हिडिओत जात नाही हे निशिगंधाने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बघणाऱ्याला तोंडावरून कळतं. मग शुक्रवारीच मी ते माळ्यावर टाकून पाहिले, तर माळा हॉलच्या डोक्यावर. पिठाच्या डब्यात टाकले तर झाकण लागेना. शेवटी रूथच्या पलंगाखालची तिची ती मोठी, टणक निळी बॅग आठवली. अमेरिकेहून आणलेली, रिकामी, कडेला रबर, आणि बंद केली की अशी कट्ट करून बसते की वारासुद्धा बाहेर येणार नाही. पोर कॉलेजात गेली होती. कागदात गुंडाळायचं भान मला राहिलं नाही. बोंबील आडवे रचले, वर जवळा ओतला, बॅग बंद केली, आणि सोमवारी काढू म्हणून विसरून गेले.

रविवारी सकाळी मी देवापुढे बसले होते. डोळे मिटलेले. दारातून रूथचा आवाज आला, "आई, मी जाते." ताई, आपल्या घरात जाते असं कुणी म्हणतं का? डोळे उघडून बघते तर पोर पायऱ्यांवरून ती निळी बॅग दोन्ही हातांनी उतरवते आहे आणि खाली रिक्षा उभी. मी हाक मारेपर्यंत रिक्षा वळणापलीकडे गेली.

मी तिथेच खाली बसले. खोटं सांगत नाही, पहिला विचार पोरीचाच आला. गेली. न सांगता, न जेवता गेली. एवढे दिवस आई म्हणत होती. डोळ्यांना पदर लावला, आणि मग पदराच्या आत मला बोंबील दिसले. पावसाळाभराची सगळी सोय रिक्षात बसून जुईनगरला निघाली होती. दोन्ही दुःखं एकदम आल्यावर माणसाला नीट रडतासुद्धा येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ह्यांना बनियनवरच उठवलं, शर्ट घालायला लावला आणि स्कूटर काढायला सांगितली. ह्यांच्या स्कूटरवर बसून कुणाचा पाठलाग करण्याची वेळ कुणावर येऊ नये. नोकरी सुटली तरी सरकार ह्यांच्या अंगातून गेलेलं नाही. रविवारची सकाळ, रस्त्यावर कुत्रं नाही, पण प्रत्येक लाल सिग्नलला हे पाय टेकून उभे. एका ठिकाणी तर हिरवा झाला तरी थांबले, कारण त्यांना वाटलं तो आत्ताच लाल होणार. मागे मी, पूजेच्या नऊवारीत, डोक्यावर केतनचं हेल्मेट, हातात नकळत घेतलेली घंटी.

जुईनगरच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने अडवलं. रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडीचा नंबर, फ्लॅट, आणि भेटीचं कारण. ह्यांनी खिशातला चष्मा काढला, पुसला, आणि सुवाच्य अक्षरात कारणाच्या रकान्यात लिहिलं, बोंबील. वॉचमनने ते वाचलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला की मग ते तुमचेच का, सेक्रेटरी साहेब मघाशीच वर गेलेत.

झालं होतं ते असं. (हे मला नंतर कळलं, पण तुला आधी सांगते, म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही.) रूथ खोली बदलायला गेलीच नव्हती. तिची मैत्रीण मेगन हंपीला निघाली होती, तिची बॅग मोडली, म्हणून रूथ आपली बॅग तिला द्यायला गेली होती. बॅग जड लागली, तर तिला वाटलं चाकं खराब झाली असतील. मेगनने बॅग पलंगावर ठेवली, आत टाकायला शाम्पूची मोठी बाटली हातात घेतली, कट्ट करून झाकण उघडलं, आणि आत तुझे बोंबील तोंडं उघडी टाकून तिच्याकडे बघत होते. ती खुर्चीवर चढली. हातातली बाटली मात्र बोंबलांत पडली, झाकण उघडं असलेली. लॅव्हेंडरचा शाम्पू. त्यात ती सोसायटी कांदालसूणसुद्धा बेताने खाणारी. वास जिन्यात उतरला, आणि सेक्रेटरी राजवर्धन म्हणून आहेत, ते आपल्याकडे गटार तुंबलं की उंदीर मेला ह्याचा तपास करत त्या दाराशी येऊन पोहोचले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. मेगन खुर्चीवर, दुसऱ्या दोघी बाल्कनीत, सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून उंबऱ्यावर, आणि मधे रूथ जमिनीवर बसून एकेक बोंबील शेपटीला धरून वर्तमानपत्रावर ठेवत होती, सावकाश, जणू त्यांना लागेल.

ताई, तिला बघितलं आणि आधी माझा जीव भांड्यात पडला. तो पडल्याबरोबर राग आला. मी तीन महिने जिच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होते, तिच्यावर मी आपल्या घरच्या बोलीत तुटून पडले.

"गो पोरी, येवरी मोठी बॅग उचलून चाललीस, उघरून बघाला नको? डोले हायेत का बटनां? आनि जाते म्हनून कोन सांगतं घरान? सकालपासून पान्याचा थेंब नाय माज्या पोटान, तुज्या पायी."

सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. हे सुद्धा मागे सरकले. रूथच्या हातात एक बोंबील तसाच राहिला. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं हिला अर्थ कळलेला नाही.

"आई," ती म्हणाली, "तू मला ओरडलीस."

मी म्हटलं, ओरडले.

"पहिल्यांदा," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला गेली. मी तिचा हात वरच्या वर धरला, कारण हाताला जवळा होता.

मग ती बोलली. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि इंग्रजीचं मला ह्यांनी सांगितलं. (पोर्टाची भाषा असल्यामुळे मधे दोनदा माल उतरला, पण मथितार्थ कळला.) ती म्हणाली, ह्या घरात सगळ्यांना ओरडा मिळतो. निशिगंधाला गॅस चालू ठेवला म्हणून, हरेशबाबांना ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला गाडी आडवी लावली म्हणून. फक्त माझ्याशी सगळे बँकेत बोलतात तसे बोलतात. मी ताट उचललं तर काढून घेतात, कपडे धुवायला निघाले तर मॉलला नेतात. मला वाटलं, मी इथे आहे ह्याचा सगळ्यांना त्रासच होतो, आणि तुम्ही चांगले आहात म्हणून सांगत नाही. म्हणून मी त्या खोलीचा विचार करत होते.

मी पलंगावर टेकले. पाहुण्याला जपता जपता मी पोरीला दारातच उभं ठेवलं होतं, आणि वर तिनेच घरात यावं म्हणून एसी लावून बसले होते. तिची आई तिकडे मक्याच्या गावात काय विचार करत असेल, की माझ्या मुलीला रागावायलाही तिथे कुणी नाही? मी तिला म्हटलं, आता उठ, आणि तो जवळा हाताने नको भरूस, झाडू घे. तिने झाडू घेतला. मी म्हटलं, असा नाही, असा. तिने तसा मारला. सेक्रेटरी साहेब अजून उभेच होते. त्यांना मी दोन पिशव्या धरायला लावल्या, एकीत बोंबील, एकीत शाम्पू लागलेले बोंबील. दुसरीच भरली. माणूस तसा चांगला आहे. लिफ्टपर्यंत पिशवी घेऊन आला आणि जाताना हळूच विचारलं की हे भाजून खातात की तळून.

दुपारी घरी आल्यावर काहीच घडलं नाही, आणि तेच रूथने व्हिडिओत घेतलं. वरण, भात आणि कालचं उरलेलं कालवण खाल्लं. ताटं तिने घासली, मी दोन परत घासायला लावली. मग ती गच्चीवर कपडे धुवायला बसली. एवढी साबणाची पावडर टाकली की फेस जिन्यावर आला, त्याबद्दल मी तिला खालून जे काही बोलले तेही व्हिडिओत आहे म्हणतात. हे सोफ्यावर घोरत पडले, तेही आहे. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या चिखलाकडे फिरायला गेलो. पाण्यात रोहित पक्षी उभे होते, गुलाबी. ती मोजत नव्हती, लिहीत नव्हती, नुसती बघत होती. मी तिला सांगितलं की तिथपर्यंत आमच्या आज्याची मिठागरं होती. तिने विचारलं, आणि तुम्ही कुठे खेळायचा? मी बोटाने दाखवलं, तर तिथे आता बिल्डिंग आहे. मग दोघी चालत घरी आलो. ताई, मला फार बरं वाटलं.

तर सांगायचं एवढंच की दाखवण्यात काही अर्थ नसतो. जसं आहे तसं ठेवावं. मी आता शहाणी झाले. वेळेवर थेंब घाल, भाऊजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
चारू

ता.क. १ : बोंबलांपैकी जे वाचले ते आम्ही काल भाजून पाहिले. लॅव्हेंडर जात नाही. ह्यांनी खाल्ले आणि रात्रभर प्रत्येक ढेकराला केस धुतल्यासारखं वाटतं म्हणाले. तर तुझ्याकडचे थोडे पाठवशील का? जवळाही. अमिताने ते एवढ्या उन्हात स्वतः सुकवले होते, तिला बॅगेचं आणि शाम्पूचं काहीच कळू देऊ नकोस. चांगले होते, संपले, एवढंच सांग.

ता.क. २ : पाठवण्याचा त्रास नको असेल तर आम्हीच न्यायला येतो. खरं म्हणजे येतोच आहोत. रूथला करंजा बघायचं आहे, पुढचा व्हिडिओ तिथे करायचा म्हणते. येत्या शनिवारी नेरूळहून उरणच्या गाडीने मी, हे, रूथ, मेगन आणि त्या बाल्कनीतल्या दोघी. राहायलाच येतो. तुला काहीही वेगळं करायचं नाही. रोजचं घर, रोजचं जेवण.

ता.क. ३ : फक्त पुढची खोली रंगवून घे. निळा नको. पंखा धुऊन घे, त्याच्या पात्यांवर केतनच्या बारशापासूनची धूळ आहे. भाऊजींना सांग शनिवार-रविवार शर्ट घालायचा, आणि बटणंही लावायची. ओट्यावरची जाळी शेजारच्या शांतीकडे ठेव. ती फाटकी चादर काढ. पापलेट मोठी बघ. आणि अंगणात जे सुकत घातलेलं असेल ते कुठे तरी आत ठेव, बॅग सोडून कुठेही.

ता.क. ४ : पाकिटाला डिंक संपला आहे, म्हणून पत्र उघडंच रूथकडे देते. ती कॉलेजला जाताना डिंक लावून पोस्टात टाकेल. काळजी नको, तिला अजून फक्त बाराखडी येते. जोडाक्षर आलं की थांबते आणि मला विचारते, आणि ह्या पत्रात जोडाक्षरं भरपूर आहेत.

नमस्कार मावशी. हे अक्षर माझे आहे, रूथचे. जोडाक्षर मला येतात. पण मी विचारते तेव्हा आईला आनंद होतो, म्हणून मी थांबते. अमिताताईला शाम्पूची गोष्ट मी काल फोनवर सांगितली. ती खूप हसली, आणि म्हणाली शनिवारी ये, आपण दोघी नवीन सुकवू. कृपया पंखा धुवू नका. काकांना शर्ट नको असेल तर नको. मला काम द्या. आणि आई फोन करून दुसरे काही सांगेल तर ऐकू नका. मीपण ऐकत नाही.